कंदुरीचं आमंत्रण

साळवे सर,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. मंडळाच्या वार्षिक अंकात तुमच्यावर अर्धं पान द्यायचं ठरलंय आणि अंकाची संपादक म्हणून ते काम माझ्याच गळ्यात पडलंय. सेक्रेटरींनी सोयीसाठी नमुनाही पाठवला. वर तुमचा फोटो, खाली "मृतात्म्यास चिरशांती लाभो", बास. मी तो ऑफिसात उघडला आणि मला फिसकन हसू आलं. मग ते थांबेना, आणि बघता बघता त्याचं रडू झालं. शेजारच्या टेबलावरच्या चिनी पोरीनं टिश्यूचं पाकीट सरकवलं. तिला काय सांगणार होते? की अगं, या माणसाला एक शब्द अजिबात चालत नव्हता, आणि आम्ही त्याला तोच चिकटवायला निघालोय, तोही दुसऱ्यांदा!

पहिल्या वेळी काय झालं ते सगळ्या मंडळाला माहीत आहे. निदान तसं सगळ्यांना वाटतं. तुम्हालाही वाटत होतं. खरं काय ते एकट्या मला ठाऊक, आणि ते तुम्हाला सांगायला माझ्याकडे तब्बल तीन वर्षं होती. महिन्यातून एकदा तरी मी बिशानमधल्या माझ्या घरून हौगांगला तुमच्याकडे यायची, तुमच्या हातचा चहा प्यायची, तासभर वाद घालायची आणि ते एक वाक्य घशात तसंच घेऊन परत जायची. अर्ध्या पानात ते मावणार नाही. लागतील तेवढी पानं घेतेय.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. तुम्ही नगरचे. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायला आलेल्या मुलांना उभा जन्म हिब्रू शिकवलीत, आणि पत्नी गेल्यावर सुनीताकडे, म्हणजे इथे सिंगापुरात नर्स असलेल्या तुमच्या लेकीकडे, राहायला आलात. आपली ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. मी प्रसादाचे द्रोण भरत होते. तुम्ही रांगेतून पुढे आलात आणि विचारलंत, "हे उद्यापर्यंत ठेवता का हो?"

"ठेवतो की," मी म्हटलं. "फ्रिज कशाला आहे?"

"आमच्या पूर्वीच्या लोकांत ठेवायचा नाही असा दंडक होता. त्याच दिवशी खपवायचा. तीन हजार वर्षांपूर्वी, हां. आता फ्रिज आलाय."

आणि स्वतःच्याच विनोदावर तुम्ही असे काही हसलात की मागची रांग डोकावून बघायला लागली. मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतोय. पण अंकाला मजकूर कमी पडत होता, म्हणून मी म्हटलं, लिहाल का यावर? तुम्ही म्हणालात, लिहीन की. एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

मग तुमच्या ब्लॉकखालच्या कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, दुकानात आपली शाळा भरायला लागली. कंडेन्स्ड मिल्कची ती गोडमिट्ट कोपी, सुनीतानं बंदी घातलेली, तुम्ही माझ्या नावावर मागवायचात. आणि सांगायचात. "बाई, लोकांना वाटतं, जुने इस्राएली म्हणजे रक्त, धूर आणि थरथर कापणारी माणसं. होते तसले विधी. पाप घडलं की एक, दोष घडला की दुसरा. पण एक अर्पण निव्वळ खुशीचं होतं. काही चुकलंय म्हणून करायचं नाही. नवस फेडायचा म्हणून, आजारातून उठलो म्हणून, किंवा कारणच नाही, मनात आलं म्हणून! जनावर घेऊन देवाच्या दारी जायचं. चरबी वेदीवर जळायची, ती देवाची. ऊर आणि मांडी याजकाची. आणि बाकीचं?"

"बाकीचं?"

"बाकीचं तुमचं! परत तुमच्याच हातात. बसा आणि खा. देव यजमान, तुम्ही पाहुणे. आणि उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत तुकडा उरता कामा नये. आता मला सांगा, आख्खा बोकड एका घराला एका दिवसात संपतो का?"

"नाही संपणार."

"मग काय करावं लागतं?" तुम्ही बोट रोखून विचारलंत, जणू मी पहिल्या बाकावरची ढ मुलगी.

"लोकांना बोलवावं लागतं."

"शाब्बास! नियमच असा करून ठेवलाय की एकट्याला खाताच येऊ नये. गडी, मोलकरीण, विधवा, पोरकी पोरं, परगावचा माणूस, सगळ्यांना बसवून आनंद करायचा. आनंद करा असा हुकूम आहे, बाई. हुकूम! डफ वाजवायचे, गायचं, नाचायचं."

मी आयुष्यभर देवासमोर काही ना काही चुकल्यासारखीच उभी राहिलेय, सर. सोवळं मोडलं का, निरांजन आधी की उदबत्ती आधी, उपासाला हे चालतं का. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की देवाकडे नुसतं जेवायलाही जाता येतं. घरी येऊन मी नितीनला हे सगळं सांगितलं. नवरा लॅपटॉपमधून मान वर न काढता "इंटरेस्टिंग" म्हणाला. आमचा लेक त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "फ्री लंच लाह." तुम्हाला ते कळवलं तर तुम्ही म्हणालात, "पोरगं बरोबर बोललं."

खरा वाद होता तो शब्दाचा. मराठीत त्याला "शांत्यर्पण" म्हणतात हे तुम्हीच सांगितलंत आणि वर कपाळावर हात मारून घेतलात. "मराठी कानाला 'शांत' म्हटलं की काय ऐकू येतं? सांगा."

"वास्तुशांत. मूळ नक्षत्राची शांत. साठीशांत."

"म्हणजे कोणीतरी खवळलंय, त्याला निववा. किंवा मग दुसरा अर्थ, गप्प बसा. इथे कोणी खवळलेलं नाही आणि गप्प तर कोणीच बसलेलं नाही! मूळ शब्दात भरलेपण आहे हो. काही उणं नाही, सगळी माणसं जागेवर आहेत, पानं वाढलीत. याला मराठीत काय म्हणाल?"

समाराधना, मी म्हटलं. "ब्राह्मणभोजनाचा वास येतो," तुम्ही म्हणालात. मावंदं? "काशीला जाऊन यावं लागतं." भंडारा? "जवळ आलात, पण त्यात बोकड कुठाय?" आठ-दहा दिवस हा खेळ चालला. मी एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या शब्द आठवायची आणि तुम्हाला फोन करायची. इथे येऊन बारा वर्षं झाली होती आणि शाळेचे प्रवेश, कायम राहण्याचे पीआरचे कागद आणि भाड्याचा फ्लॅट सोडून माझ्याशी मराठीत कोणी कशाबद्दलही बोललं नव्हतं. तुम्ही बोललात. त्याचे उपकार मानायचे राहिलेच, ते इथेच मानून ठेवते, कारण पुढे जे लिहायचंय त्यानंतर ते तोंड मला राहणार नाही.

एका शनिवारी सकाळी तुमचा फोन आला. "बाई, सापडला! इथेच सापडला, खाली!"

तुमच्या ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत रोहानी मक्चिक मोठमोठी पातेली लावून बसल्या होत्या. मक्चिक म्हणजे मावशी, तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या मलाय शेजारीण. त्यांची नात बरी होऊन हॉस्पिटलमधून घरी आली होती आणि त्या सगळ्या ब्लॉकला जेवू घालणार होत्या. तुम्ही विचारलंत, काय आहे? त्या म्हणाल्या, "कंदुरी."

"बाई, मी पायरीवर बसलोच! आमच्या नगरकडं पीराला नवस बोलतात आणि फेडताना बोकड कापून सगळ्या गावाला घालतात, त्याला कंदुरीच म्हणतात. हिंदू, मुसलमान, आम्ही, सगळे जायचो. मी पोरपणी गेलो म्हणून पाळकसाहेबांनी मला छड्या मारल्या होत्या, मूर्तिपूजकांचं खाल्लंस म्हणून. पुढं चाळीस वर्षं मी पोरांना शांत्यर्पण शिकवलं, दर वर्षी शब्द अडायचा, आणि हा शब्द माझ्या तोंडातच होता की हो! मारामुळं गिळला होता. फारसीतून तिकडं गेला, फारसीतून इकडं आला. शांत्यर्पण म्हणजे कंदुरी. लिहून घ्या!"

मी "अरे वा!" म्हणाले. मनात काय आलं ते आज लिहिते. मनात आलं, शी.

मला तो शब्द माहीत होता. मी सातवीत असेन. कोथरूडला आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या सखुबाईंनी कंदुरीसाठी दोन दिवसांची रजा घेतली होती. त्या परत आल्या त्या दिवशी आईनं त्यांनी घासलेली भांडी माझ्याकडून पुन्हा विसळून घेतली. काही बोलली नाही, नुसता नळ सोडला आणि भांडी माझ्या पुढ्यात ठेवली. शिकवण अशीच देतात आमच्याकडे, शब्द न वापरता. आणि ती पक्की बसते. एम.टेक. झाले, अर्धं जग फिरले, सगळ्या धर्माच्या लोकांबरोबर काम केलं, पण "कंदुरी" म्हटल्याबरोबर माझे हात त्या नळाखाली गेले.

तुमचा लेख आला. सुरेख होता. मी "पुढच्या अंकात बघू, जागा नाही" म्हणाले. जागा होती, सर. पाककृतींना चार पानं दिली होती त्या वर्षी.

मग तुमची बायपास झाली. सिंगापूरची पन्नाशी होती ते वर्ष, ब्लॉकच्या प्रत्येक कठड्याला झेंडे लटकत होते, आणि तुम्ही आयसीयूत. तुम्ही उठलात. आणि उठल्या उठल्या फर्मान काढलंत, "आता आपली कंदुरी!" ब्लॉकखालच्या जागेची परवानगी सुनीतानं काढली, पातेली मक्चिकांची, मटण टेक्का मार्केटचं, हलाल, म्हणजे मक्चिकांच्या घरचेही जेवतील. आणि मंडळाला आमंत्रण पाठवायचं काम माझ्याकडे, कारण ग्रुपवर कार्ड मीच टाकायची. तुम्ही मजकूर हातानं लिहून दिलात. "देवानं मला परत उठवलं. म्हणून कंदुरी करतोय. सगळ्यांनी यावं. भेट आणू नये, भूक आणावी. सगळं त्याच दिवशी संपवायचंय, मदत लागेल."

मी ते टाइप केलं आणि थबकले. दोनशे माणसांचा ग्रुप. गणपतीनंतर एकानं मला आडून विचारलं होतं, "साळवे सरांचं चर्चबिर्चचं काही नाही ना यात?" आता चर्च, मटण आणि कंदुरी, तिन्ही एका कार्डात! लोक येणार नाहीत आणि सरांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. तुमच्या भल्यासाठी, हो. आपल्याला करायचं असतं ते दुसऱ्याच्या भल्याच्या नावावर खपवायची सोय फार चांगली असते. खरं कारण असं की कार्डाखाली "निमंत्रक" म्हणून माझं नाव जाणार होतं, आणि माझ्या नावावर तो शब्द मला नको होता.

मी तुमचा मजकूर पुसला आणि लिहिलं, "श्री. साळवे सर यांच्या आरोग्यासाठी शांतिप्रार्थना. नंतर अल्पोपाहार." पाठवून दिलं. जेमतेम मिनिटभर लागलं असेल. तुम्ही व्हॉट्सॲपवर नव्हतात.

त्या दुपारी मी आले तेव्हा तुम्ही हातात डफ घेऊन उभे होतात. लाल सदरा. मक्चिकांच्या पातेल्यांतून असा वास सुटला होता की माझ्यासारख्या शाकाहारी बाईलाही भूक लागावी. आणि बाजूला एक वेगळं टेबल, त्याच्यावर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा. तुम्ही मला हाताला धरून तिथे नेलंत. "तुमच्यासाठी तेल वेगळं, कढई नवी, डावसुद्धा वेगळा ठेवलाय. बिनधास्त जेवा. आमचे लोक आंबवलेली भाकर न्यायचे, आज तुमच्या पुऱ्यांवर भागवू."

मग मंडळाची माणसं यायला लागली. पांढरे कुडते, पांढऱ्या साड्या, पांढऱ्या शेवंतीचे गुच्छ. हळू आवाजात बोलत, चपला न वाजवता. शांतिप्रार्थना म्हटल्यावर आणखी काय घालून येणार? दोघी-तिघींना तर वाटलं होतं की तुम्ही गेलातच, आणि लाल सदऱ्यात तुम्हाला उभं बघून त्या दचकल्या. तळमजल्यावरच्या लिम आंटी बाजाराची पिशवी घेऊन चालल्या होत्या. इथे अंत्यविधीची मांडणीही ब्लॉकखालीच होते, आणि त्या दिवशी तिथे टेबलं मांडलेली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, फुलं. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून तुम्हालाच विचारलं, "अय्यो, हू पास अवे?"

"मी," तुम्ही इंग्रजीत म्हणालात. "पण परत आलोय. बसा जेवायला!"

त्या एकट्या हसल्या आणि जेवायला बसल्या. बाकी सगळे उभेच. तुम्ही डफावर थाप मारणार एवढ्यात सेक्रेटरी पुढे सरसावले. "सरांच्या आरोग्यासाठी आपण दोन मिनिटं शांत उभं राहूया." आणि सगळे माना खाली घालून उभे राहिले! तुम्हीही राहिलात. तुमचा तो वर उचललेला हात हळूच खाली आला आणि तुम्ही डफ पाठीमागे धरलात, शाळेत पकडल्या गेलेल्या पोरासारखा. सर, मी मान खाली घातली नव्हती. मी तुमच्याकडे बघत होते. ती दोन मिनिटं मला आजतागायत संपलेली वाटत नाहीत.

मग एकेक जण तुमचा हात हातात घेऊन "काळजी घ्या", "काही लागलं तर सांगा" म्हणत निघाला. एरवी हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर काय वाट्टेल ते खाणारी माणसं, "नको, घरून खाऊन आलोय" म्हणाली. अल्पोपाहाराला पोटभर जेवून येण्याची आपली रीतच आहे. कोणीतरी शिऱ्याचा चमचाभर घास घेतला. पातेली भरलेली तशीच.

कोणीतरी तुम्हाला फोनवर कार्ड दाखवलं. तुम्ही चष्मा लावून ते दोनदा वाचलंत आणि माझ्याजवळ आलात. रागावला नव्हतात. नुसतं विचारलंत, "बाई, हे काय झालं?"

त्या क्षणी सांगायचं होतं. आणि मी म्हणाले, "फॉन्टचा घोळ, सर. फॉन्ट बदलताना अक्षरं फुटली आणि सॉफ्टवेअरनं आपोआप जवळचा शब्द टाकला." वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या बाईनं असं सांगितल्यावर कोण शंका घेणार? तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि तुमचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "एवढंच होय? मला वाटलं..." उलट माझीच समजूत घातलीत. "यंत्राची चूक, तुमची कशी? जेवा तुम्ही."

मी जेवले नाही. मुलाची ट्यूशन आहे म्हणून वेळ मारून नेली आणि बस पकडली.

पुढचं मला सुनीतानं सांगितलं. तुम्ही छातीवरचे टाके धरून लिफ्टनं मजल्यामजल्यावर गेलात, मागे सुनीता आणि मक्चिकांचा मुलगा पातेलं घेऊन. दारं वाजवलीत. ब्लॉक झाडणाऱ्या बांगलादेशी कामगारांना बसवून वाढलंत. संध्याकाळी तुमचा फोन आला, "बाई, संपलं हो! कण उरला नाही." तुम्ही दमला होतात आणि खूश होतात, आणि मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले.

यानंतर तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगत सुटलात. भोंडल्यात, पाडव्याला, नवीन माणूस भेटला की. "आमच्या कंदुरीची यंत्रानं शोकसभा केली!" सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायची. तुम्ही माझ्याकडे हात करायचात, "बिचाऱ्या बाईंना किती वाईट वाटलं होतं!" तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

एकदाच दार किलकिलं झालं होतं. गेल्या वर्षी तुम्ही मला दुसऱ्या अर्पणाबद्दल सांगत होतात, दोषार्पणाबद्दल. तुमचं म्हणणं, ते खुशीच्या अर्पणाच्या अगदी उलट. आधी ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जायचं, कबूल करायचं, घेतलेलं परत करायचं, वर थोडं जास्तच द्यायचं, आणि मगच वेदीकडे वळायचं. थेट देवाकडे जाऊन मोकळं होता येत नाही. मी विचारलं, "आणि तो माणूस मेला असेल तर?"

"तर त्याच्या जवळच्या नातलगाकडे जायचं." तुम्ही माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलंत. "काय बाई, कोणाचं घोडं मारलंत?"

"छे! सहज विचारलं."

तुम्ही कोपीचा घोट घेतलात आणि दुसऱ्या विषयाकडे वळलात. इतकं जवळ आलेलं मी परत गिळलं. का? तुम्ही रागावला असतात म्हणून नव्हे. तुमचा तो उजळलेला चेहरा परत विझलेला मला बघवला नसता, आणि तो विझवणारी मी असते, हे तर मुळीच सोसलं नसतं.

तुमच्या अंत्यविधीला मंडळाचे साठ-सत्तर जण आले, सर. कंदुरीच्या दुप्पट. त्याच जागी. तेच कुडते. यावेळी कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

गेल्या शनिवारी मी सुनीताकडे गेले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे, जवळच्या नातलगाकडे. ती ड्यूटीचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. शब्द, कार्ड, फॉन्ट. शेवटी म्हटलं, "माझ्याकडून झालं हे, सुनीता. मला माफ कर."

तिनं इस्त्री उभी ठेवली. "ताई, मला तेव्हाच कळलं होतं. फॉन्टनं शब्द बदलतो आणि वाक्य असं नीटनेटकं बसतं? मी काय बावळट आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांसाठी. तुम्हाला माहितीय, त्या दिवशी त्यांना काय वाटलं होतं? लोक उभ्या उभ्या परत चालले तेव्हा? आमच्या हातचं तुम्हा लोकांना चालत नाही असं वाटलं होतं. आयुष्यभर गावात तेच बघितलंय त्यांनी. इथे तसं नाही, असं मला सांगायचे. मी म्हणायचे, बाबा, पुण्याची माणसं आहेत, नका बोलावू. आणि मग तुम्ही ते फॉन्टचं सांगितलंत. ते मला म्हणाले, बघ, यंत्राची चूक होती, माणसांची नव्हती. तेच धरून बसले शेवटपर्यंत. सगळ्यांना का सांगत होते ती गोष्ट, तुम्हाला काय वाटलं? विनोद म्हणून?"

तिनं कॉलर उलटी करून परत इस्त्री फिरवली.

"आणि ताई, 'माझ्याकडून झालं' काय म्हणता? केलंत."

"हो. केलं."

"मग मला कशाला सांगता? मी माफ केलं म्हणायचं आणि तुम्ही मोकळ्या व्हायचं, हे मला नाही जमायचं. बाबांना सांगायचं होतं ना? बाबांना सांगा."

"कसं सांगू आता?"

"ते तुम्ही बघा. लिहिता ना तुम्ही? मंडळासमोर नाव जायला नको होतं म्हणून केलंत, तर मंडळासमोरच सांगा."

तिनं चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

म्हणून हे पत्र अंकात जातंय. पुढच्या पानावर तुमचा लेख आहे, तीन वर्षं माझ्या फाइलीत कोंडून ठेवलेला. एक काना-मात्रा बदललेला नाही. शीर्षक तुमचंच, "शांत्यर्पण म्हणजे कंदुरी". पाककृतींना या वर्षी दोनच पानं मिळतील.

काल अध्यक्षांचा फोन आला. हे सगळं त्यांनी वाचलं होतं. "वैजयंती, एवढं उगाळायला हवंय का? लोकांना अवघडल्यासारखं होईल. सर गेले, आता झालं गेलं ते सोड." मी त्यांना म्हटलं, यातलं एक वाक्य कमी झालं तरी अंक दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या. तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी मीही घरून जेवून आलो नव्हतो. भूक होती. पण कोणीच बसेना." ते मी त्यांच्या परवानगीनं इथे लिहितेय.

सर, कार्ड मी बदललं. जाणूनबुजून बदललं. तुम्हाला जन्मभर अडलेला शब्द सापडला होता आणि मला त्याची किळस वाटली, म्हणून मी तो खोडला. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले आणि तुम्ही पुढ्यात ठेवलेलं न जेवता निघून गेले. यात यंत्राचा काही दोष नाही. माणसाचीच चूक होती आणि तो माणूस मी आहे. हे ऐकून तुम्ही हसला असतात, की गप्प झाला असतात, की मला परत कधी दारात उभं केलं नसतंत, मला माहीत नाही. सगळे म्हणतात, सरांनी माफच केलं असतं. ते मी लिहिणार नाही. तुमच्या वतीनं मी एकदा लिहिलंय, तेवढं पुरे.